नळी, भट्टी आणि डिझेल

दर आठवड्याला मी तुम्हांला आमच्या वर्गात निघालेला एक प्रश्न सांगतो आणि त्याचं उत्तर आपण मिळून शोधतो. आजचा प्रश्न ज्यानं विचारला, तो मुलगा त्याआधी नऊ दिवस शाळेत आला नव्हता. का आला नव्हता, ते आधी सांगतो. त्यात माझीही चूक आहे, म्हणून ते गाळून पुढं जाणं बरं नाही.

आमचं सेमाडोह मेळघाटात, सिपना नदीच्या काठी. परतवाड्याहून एस.टी.नं घाट चढून पन्नासेक किलोमीटर आलं की आमचं गाव लागतं. चहूकडे सागाचं जंगल. पावसाळ्यात सिपना दुथडी भरून वाहते, झाडं तारांवर कोसळतात आणि वीज गेली की कधी कधी दोन-तीन दिवस येत नाही. मग पिठाची गिरणी बंद! घरात ज्वारी आहे, मका आहे, पण पीठ नाही. अशा वेळी आधार असतो तो डिझेलच्या इंजिनावर चालणाऱ्या गिरणीचा. त्या मुलाच्या वडिलांची अशीच गिरणी आहे. हँडल मारून इंजिन सुरू झालं की त्याचा 'पुक पुक पुक' आवाज लांबवर जातो आणि बायामाणसं डोक्यावर डबे घेऊन निघतात.

श्रावणातल्या एका संध्याकाळी असाच अंधार होता. गिरणीपुढं रांग लागलेली. इंजिनातलं डिझेल संपलं. डिझेलचा ड्रम जड, तो वाकवायला दोन माणसं लागतात. वडील पट्टा बसवण्यात गुंतले होते. ते म्हणाले, "थांब, कोणाले तरी बोलावतो." पण आमच्या या पठ्ठ्याला गुरुजींचा प्रयोग आठवला.

त्याच्या आधीच्याच आठवड्यात मी वर्गात एक प्रयोग दाखवला होता. टेबलावर पाण्यानं भरलेली बादली, खाली रिकामी बादली, मध्ये प्लॅस्टिकची नळी. नळीचं एक टोक वरच्या बादलीत बुडवलं, दुसरं तोंडात धरून पाणी ओढलं आणि पटकन खाली सोडलं. पाणी आपोआप वरच्या बादलीतून खालच्या बादलीत येऊ लागलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही फार बरं वाटलं. नळी तोंडानं ओढायची ती फक्त स्वच्छ पाण्यासाठी, दुसऱ्या कशासाठीही नाही, एवढं एक वाक्य मात्र मी बोललो नाही.

त्या मुलानं ड्रममध्ये नळी घातली आणि तोंडानं ओढली. नळी हिरवी होती. डिझेल कुठवर चढलं ते दिसलं नाही. एकदम तोंड भरलं. तो दचकला, ठसका लागला आणि काही थेंब श्वासनळीत गेले. शेजारच्या कोणीतरी घाईघाईनं त्याला मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावली. सगळ्यांना वाटलं, विष बाहेर पडलं. पण रात्री त्याला खोकला आवरेना, धाप लागली, अंगात ताप भरला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की डिझेल पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात जाणं फार वाईट. उलटी करायला लावली की ते दुसऱ्यांदा घशाशी येतं आणि पुन्हा श्वासनळीत उतरू शकतं.

नऊ दिवसांनी तो शाळेत आला. थोडा सुकलेला. मी त्याला जवळ घेतलं, कसा आहेस म्हणून विचारलं. तो म्हणाला, "आता बरं वाटते गुरुजी. पन ते डिझेल कायपासून बनवते? लई घान लागते!"

सगळा वर्ग हसला. मी गणिताचं पुस्तक मिटून ठेवलं.

"सांगा रे, डिझेल कुठून येतं?"

"पंपावरून!" एक जण म्हणाला.

"जमिनीतून निघते," दुसरी म्हणाली.

"मुंबईले बनवते," तिसरा.

दोस्तांनो, तिघंही थोडे थोडे बरोबर होते. पण जमिनीतून डिझेल निघत नाही. जमिनीतून निघतं ते कच्चं खनिज तेल. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातले बारीक बारीक जीव मरून तळाशी साठले. त्यांच्यावर गाळाचे थर चढत गेले. वरचा दाब आणि पोटातली उष्णता यांनी त्यांचं हळूहळू तेल झालं. हे तेल बहुधा काळपट किंवा तपकिरी असतं आणि त्याला उग्र वास येतो. ते तसंच्या तसं इंजिनात घालून चालत नाही. का? कारण ते एक तेल नाहीच. त्यात शेकडो निरनिराळी द्रव्यं मिसळलेली असतात. काही इतकी हलकी, की उघडी ठेवली तर उडून जातील. काही इतकी जड, की थंडीत दगडासारखी घट्ट होतील.

समजा, पोतं फुटून ज्वारी, हरभरा आणि मका एकत्र झाले. तर तुमची आई काय करील? चाळण घेईल. बारीक दाणा खाली पडेल, मोठा वर राहील. पण तेलाला चाळण कुठली लावणार? तिथं चाळणीचं काम करते उष्णता.

मी विचारलं, "पाणी उकळलं की काय होतं?"

एक मुलगी म्हणाली, "गंजात वरण शिजते ना, तवा झाकनाले आतून पानी येते."

शाब्बास! गंजातल्या पाण्याची वाफ झाली, ती वर गेली, झाकण थंड होतं म्हणून तिचं पुन्हा पाणी झालं. आणि त्या पाण्यात हळद नाही, मीठ नाही, डाळ नाही! नुसतं पाणी. वरणातून पाणी वेगळं काढलं की नाही त्या झाकणानं? यालाच तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'ऊर्ध्वपातन' म्हणतात. नाव अवघड, गोष्ट रोजची.

आमच्या मेळघाटाला तर ही गोष्ट मुळीच नवी नाही. आमच्या जंगलात तिखाडी नावाचं सुगंधी गवत उगवतं. त्यालाच रोशा म्हणतात. त्याच्या तेलाचा वास गुलाबासारखा असतो. हे तेल काढायला नाल्याच्या काठी भट्टी लावत. मोठ्या भांड्यात गवत आणि पाणी भरायचं, झाकण बंद करायचं, खाली जाळ घालायचा. झाकणातून निघालेली नळी थंड पाण्यातून न्यायची. गवतातलं तेल वाफेबरोबर उडतं, नळीत थंड होतं आणि पुढच्या भांड्यात पाण्यावर तरंगत येतं. नाल्याचा काठ का, ते आलं ना लक्षात? नळी थंड ठेवायला पाणी हवं.

मी हे सांगत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "गुरुजी, मोहाची भट्टीबी तशीच असते!" वर्गात खसखस पिकली. मी म्हटलं, "ती भट्टी शाळेत नको. पण तत्त्व तेच आहे, हे खरं."

आता या भट्टीत गवताऐवजी कच्चं तेल आहे असं समजा. पाणी उकळतं १०० अंशांना. पण कच्च्या तेलातली शेकडो द्रव्यं वेगवेगळ्या तापमानाला उकळतात. तेल तापवायला लागलं की आधी त्यात विरघळलेला गॅस निघतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये भरतात, त्या जातीचा. मग पेट्रोलचा भाग उडतो. त्यानंतर साधारण दीडशे ते अडीचशे अंशांच्या दरम्यान रॉकेल. मग दोनशे ते साडेतीनशे अंशांच्या आसपास डिझेल. या सीमा काही रेघ मारल्यासारख्या नसतात, एकीचं टोक दुसरीत शिरलेलं असतं. आणि सगळं उडून गेल्यावर तळाशी उरतो काळा, दाट गाळ. तो भट्ट्यांत जाळतात, आणि त्याच्यापासूनच रस्त्याचं डांबरही मिळतं. म्हणजे ज्या डांबरी रस्त्यावरून आमची एस.टी. येते तो रस्ता आणि त्या एस.टी.चं डिझेल ही एकाच तेलाची लेकरं आहेत!

तेलशुद्धीकरण कारखान्यात हे काम एका उंच, बंद मनोऱ्यात चालतं. कच्चं तेल भट्टीत साधारण साडेतीनशे अंशांच्या वर तापवून मनोऱ्याच्या बुडाशी सोडतात. मनोरा खाली तापलेला, वर थंड. आत एकावर एक अशा कितीतरी थाळ्या बसवलेल्या असतात. वाफ वर चढते. जड वाफ थोड्याच उंचीवर थंड होऊन थाळीत साचते, हलकी आणखी वर जाते. डिझेल मधल्या थाळ्यांवर, त्याच्या वर रॉकेल, त्याच्याही वर पेट्रोलचा भाग, आणि शेंड्यातून गॅस. प्रत्येक थाळीजवळून नळ काढलेला. एका बाजूनं कच्चं तेल आत जातं आणि निरनिराळ्या मजल्यांवरून निरनिराळी तेलं बाहेर पडतात, रात्रंदिवस.

एवढं सांगून झाल्यावर आमच्या गिरणीवाल्याच्या पोरानं हात वर केला. "गुरुजी, मंग जिथं तेल निघते तिथंच भट्टी लावून डिझेल काहून नाही काढत? मुंबईले कायले न्यायचं?"

प्रश्न ऐकून मी खूश झालो. कारण त्याचं उत्तर आहे, 'काढतात की!'

आपल्या देशातला पहिला मोठा दाखलाच तसा आहे. आसाममध्ये रेल्वेचा रूळ टाकताना तिथल्या जंगलात तेलाचा पत्ता लागला. लाकडं ओढणाऱ्या हत्तींचे पाय तेलानं माखून आले, असं तिथले लोक सांगतात. दंतकथाच ती, पण ऐकायला गोड आहे. १८८९ साली तिथं विहीर खणायला सुरुवात झाली आणि ११ डिसेंबर १९०१ रोजी त्या दिग्बोई गावातच तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. विहिरीच्या शेजारीच भट्टी! तो अजून चालू आहे. त्या काळी लोकांना हवं होतं ते दिव्याचं रॉकेल. डिझेलचं इंजिन तर तेव्हा चार वर्षांचं बाळ होतं. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली आपलं इंजिन नीट चालवून दाखवलं, आणि त्याच्याच नावावरून पुढं तेलालाही 'डिझेल' नाव पडलं. गंमत म्हणजे १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात असलं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं! आपल्या महाराष्ट्रात पुण्याला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि शेताशेतांत, गिरण्यांत डिझेलची इंजिनं पोचली.

दुसरा दाखला आणखी लहान. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. तिथल्या नारळीच्या बागांच्या मुलखात जमिनीखाली तेल आणि गॅस आहे. तिथं ताटीपाका या गावी ओ.एन.जी.सी.नं २००१ साली एक छोटा तेलशुद्धीकरण कारखाना उभारला. छोटा म्हणजे केवढा? वर्षाला ६६ हजार टन कच्चं तेल रिचवणारा. ऐकायला मोठा वाटतो ना? पण गुजरातेतल्या जामनगरच्या खाजगी कारखान्यांची वर्षाची ताकद ६ कोटी टनांहून जास्त आहे. म्हणजे ताटीपाक्यासारखे हजार कारखाने एकत्र केले तर जामनगरची बरोबरी होईल! तरीही आसपासच्या विहिरींतलं तेल तिथंच वेगळं करून डिझेल, रॉकेल काढायला तो लहानगा पुरेसा असतो.

आणि तिसरा दाखला तर आमच्या सिपनेच्या नात्यातला! सिपना पुढं तापीला मिळते. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखापाशी हजिरा आहे. मुंबईजवळच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राचा गॅस समुद्राखालच्या नळांतून हजिऱ्याला येतो. गॅसबरोबर थोडं पातळ तेलही येतं. ते ओ.एन.जी.सी.च्या प्रकल्पात वेगळं करतात आणि त्यातून नॅफ्था, रॉकेल आणि थोडं डिझेलही मिळवतात. मी मुलांना म्हटलं, "शाळेमागच्या सिपनेत कागदाची होडी सोडली आणि ती बुडाली नाही, तर ती डिझेल काढतात तिथवर जाईल." मधल्या सुट्टीत तीन होड्या निघाल्यासुद्धा!

"मंग सगळीकडं तसंच काहून नाही करत?" पुन्हा तोच. एका प्रश्नावर भागवून घेणारा तो नव्हेच.

मुंबई हायचं उदाहरण घेऊ. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, भर समुद्रात, १९७४ साली 'सागर सम्राट' या तरंगत्या यंत्रानं तेल शोधलं. १९७६ साली तिथून तेल काढायला सुरुवात झाली. पण समुद्रातल्या लोखंडी मचाणावर जागा किती? माणसं राहायची, यंत्रं ठेवायची, हेलिकॉप्टर उतरायचं. तिथं मनोरे आणि भट्ट्या कुठं उभारणार? म्हणून तेल समुद्राखालच्या नळानं रायगड जिल्ह्यात उरणला आणतात, आणि पुढं मुंबईच्या तुर्भे भागातले कारखाने ते शुद्ध करतात. त्यांतला एक १९५४ पासूनचा आणि दुसरा १९५५ पासूनचा. गंमत पाहा, समुद्रात विहिरी खोदणाऱ्या यंत्रांना लागणारं डिझेल किनाऱ्यावरून बोटीनं न्यावं लागतं! पायाखाली तेलाचा साठा आणि डिझेल मात्र बाहेरून! शेतात ऊस उभा असला तरी चहाला साखर दुकानातूनच येते ना, तसं.

दुसरं कारण आहे स्वच्छतेचं. वेगळं काढलेलं डिझेल लगेच वापरण्याजोगं नसतं. त्यात गंधक असतं. ते जळालं की विषारी धूर होतो आणि शहरांतल्या मुलांच्या छातीत जातो. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून नियम असा आहे, की डिझेलच्या दहा लाख भागांत गंधकाचे दहाहून जास्त भाग असता कामा नयेत. तेवढं गंधक काढायला मोठी आणि महाग यंत्रं लागतात. शिवाय मोठ्या कारखान्यात तळाचा जड गाळ मोडून त्यातूनही आणखी पेट्रोल-डिझेल काढतात. लहान कारखान्याला हे सगळं परवडत नाही.

तुर्भ्याच्या कारखान्यातून डिझेल नळानं नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळच्या पानेवाडीला येतं आणि तिथून पुढं उत्तरेकडं जातं. आपल्या वऱ्हाडात अकोल्याजवळ गायगावला तेलाचा मोठा डेपो आहे. अशा डेपोंत रेल्वेच्या वाघिणींतून तेल येतं. घाबरू नका! रेल्वेच्या मालडब्याला मराठीत वाघीणच म्हणतात. आमच्या मेळघाटातली वाघीण वेगळी. डेपोतून टँकर भरून पंपावर, पंपावरून ड्रममध्ये, आणि ड्रममधून गिरणीच्या इंजिनात. केवढा प्रवास!

आता मुलं गप्प झाली होती. आणि मला ज्याची भीती होती, तोच प्रश्न आला. "गुरुजी, मंग कच्चं तेल भेटलं तर आपनबी ड्रममध्ये डिझेल काढू शकतो?"

बालमित्रांनो, याचं उत्तर 'नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण खरं उत्तर असं आहे, की काही देशांत लोक तसं करतात, आणि त्यातली पोरं तुमच्याच वयाची असतात.

सीरिया देशात २०११ नंतर यादवी युद्ध पेटलं. कारखाने बंद पडले, तेलाच्या विहिरी ज्याच्या हाती लागल्या त्याच्या झाल्या. पूर्वेकडच्या देर-अझ-झोर भागात लोकांनी उघड्या माळावर लोखंडी टाक्या मांडल्या, खाली जाळ घातला, एक नळ पाण्याच्या चरातून नेला आणि पुढं ड्रम ठेवला. अगदी तिखाडीच्या भट्टीसारखं! शेतकरी, मेंढपाळ, शाळा सुटलेली मुलं या भट्ट्यांवर काम करू लागली. घर चालवायचं तर दुसरं काम नव्हतं. काळ्या धुरानं त्यांचे चेहरे माखले, खोकला जडला. टाकी फुटली तर अंग भाजलं.

आफ्रिकेतल्या नायजेरिया देशातही नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात लोक नळ फोडून कच्चं तेल काढतात आणि जंगलात लपून अशाच भट्ट्या लावतात. २०२२ सालच्या एप्रिल महिन्यात तिथल्या इमो राज्यात अशा एका भट्टीवर स्फोट झाला आणि शंभराहून जास्त माणसं एका रात्रीत गेली.

असं का होतं? तिखाडीची भट्टी फुटत नाही, मग ही का फुटते? आपण शिकलो तेच आठवा. कच्चं तेल तापवलं की आधी काय निघतं? डिझेल नाही. आधी गॅस आणि पेट्रोलची वाफ! ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीला धरून पसरत जाते, जशी पहाटेची धुई सिपनेच्या पात्रावर पसरते. आणि बाजूलाच जाळ पेटलेला. कारखान्यात ही वाफ बंद नळांतून दूर नेतात, जागोजागी तापमान मोजतात, दाब वाढला तर तो सोडायची सोय असते, आणि शिकलेली माणसं चोवीस तास पहारा देतात. माळावरच्या टाकीला यातलं काहीच नसतं. शिवाय त्या भट्टीतल्या डिझेलमध्ये आणि रॉकेलमध्ये पेट्रोल राहून जातं. असलं रॉकेल कंदिलात घातलं तर भडका उडतो. उरलेला गाळ ओढ्यात सोडला तर मासे मरतात, शेत नासतं.

मी फळ्यावर दोन चित्रं काढली होती. एक ताटीपाक्याच्या लहान कारखान्याचं, एक माळावरच्या टाकीचं. "दोन्हींत तेच उकळतंय. फरक काय?" मी विचारलं.

एक जण म्हणाला, "हा मोठा, तो लहान."

तेव्हा आमचा गिरणीवाला उठला. "लहान-मोठ्याचं नाही गुरुजी. त्यायले अर्धंच मालूम हाये. वाफ होते हे मालूम हाये. वाफ कुठं जाते हे नाही मालूम."

थोडा वेळ थांबून तो पुन्हा म्हणाला, "मलेबी नळीचं अर्धंच मालूम होतं."

मी खडू खाली ठेवला. खरं तर ते अर्धं त्याचं नव्हतं, माझं होतं. मी वर्गापुढं तसं कबूल केलं. म्हटलं, "पोरांनो, नळीचा प्रयोग मी अर्धाच शिकवला. उरलेला अर्धा आज शिकवतो." शिक्षकानं चूक कबूल केली तर मुलं ऐकत नाहीत, असं कोणी कोणी म्हणतं. माझा अनुभव उलटा आहे. त्या दिवशी मुलं जेवढी शांत बसून ऐकत होती, तेवढी एरवी कधी बसत नाहीत.

पुढच्या आठवड्यात परतवाड्याला गेलो तेव्हा रबरी फुग्याचा एक हातपंप घेऊन आलो. फार किमतीचा नव्हता. एक नळी ड्रममध्ये, दुसरी कॅनमध्ये, मधला फुगा दाबायचा की तेल येतं. तोंडाचं काम नाही. वर्गात पाण्यावर तो चालवून दाखवायचा मान अर्थातच आमच्या गिरणीवाल्याला मिळाला. आता तो पंप गिरणीत खिळ्याला टांगलेला असतो. परवा पुन्हा वीज गेली. अंधारात लांबून 'पुक पुक पुक' ऐकू आलं आणि मला बरं वाटलं.

पालकांसाठी दोन शब्द

रॉकेल, डिझेल, पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. लहान मूल बाटली ओळखतं, आतलं तेल ओळखत नाही. चुकून पोटात गेलंच तर उलटी करायला लावू नका. मिठाचं पाणी, लिंबू, काही पाजू नका. तेलानं भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि तडक दवाखान्यात न्या. जाताना ती बाटली बरोबर घ्या. मूल बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा. खोकला आणि धाप काही तासांनी सुरू होऊ शकते.

करून बघा (आई-बाबांना जवळ बसवून)

एका लहान गंजात पेलाभर पाणी घ्या. त्यात दोन चमचे मीठ विरघळवा. चव घेऊन बघा, खारट लागेल. गंज मंद आचेवर ठेवा. पाणी उकळू लागलं की आईला झाकण तिरपं धरायला सांगा. हाताला फडकं हवं, वाफ भाजते! झाकणावरून ओघळणारे थेंब वाटीत गोळा करा. थंड झाल्यावर चव घ्या. कशी लागली? मीठ कुठं राहिलं? दिग्बोईत १९०१ साली जे झालं, त्याचं तत्त्व तुमच्या स्वयंपाकघरात झालं. पण हा प्रयोग पाण्यावरच करायचा. तेलावर नाही, कोणत्याही तेलावर नाही. हे वाक्य मी या वेळी विसरलेलो नाही!

डोकं चालवा

ताटीपाक्याचा कारखाना वर्षाला ६६ हजार टन कच्चं तेल रिचवू शकतो. वर्षाचे ३६५ दिवस तो सारखा चालला, तर दिवसाला सुमारे किती टन? भागाकार कागदावर करा. उत्तर पुढच्या अंकात.

तुमचा,
गुरुजी